भांडं रिकामं देऊ नये

सरांनी पहिल्याच भेटीत माझ्याकडे छत्री मागितली. पौषातलं लख्ख ऊन पडलं होतं, आभाळात औषधालाही ढग नव्हता, आणि त्यांच्या स्वतःच्या काखेत एक चांगली धडधाकट काळी छत्री होती.

"मॅडम, तुमची छत्री द्याल काय? उद्या देतो वापस."

मी त्याच दिवशी नोकरीवर रुजू झाले होते. नोकरी म्हणजे पार्टटाइम लेक्चररची. विद्यापीठ गोदावरीच्या पलीकडे, दिवसभराच्या प्रवासावर. त्यांनी आदिलाबादला समाजकार्याचा एक वर्ग काढला होता, आणि तो भरायचा कापूस मार्केटच्या मागे, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कचेरीत, माडीवरच्या दोन खोल्यांत. खाली चहावाला, वर आम्ही. तासावर पगार. एप्रिल संपला की घरी जा, जुलैत ऑर्डर आली तर या, नाही आली तर पोळ्या लाटा. ते आंध्र प्रदेशाचे दिवस होते. पंखा बंद पडला तरी त्याचा कागद हैदराबादपर्यंत जाऊन यायचा.

तर अशा नोकरीच्या पहिल्या दिवशी हा माणूस माझ्या छत्रीवर डोळा ठेवून उभा. पांढरा सदरा, ढगळ विजार, टायरच्या चपला, मधे टक्कल आणि दोन्ही कानांवर केसांचे झुबके. मी छत्री दिली. नवीन होते, नाही कसं म्हणणार? घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काखेत छत्री असून जो दुसरी मागतो ना, त्याच्यापासून जरा जपून राहा बाई."

दुसऱ्या दिवशी छत्री माझ्या टेबलावर आली. नीट मिटलेली, बंद लावलेला. दुपारी बसस्टँडसमोर ऊन फार लागलं म्हणून मी ती उघडली, आणि माझ्या डोक्यावर बोरं बरसली. पिकलेली, लाल, ओंजळ-दीड ओंजळ बोरं. रिक्षावाले खो खो हसले. कुठून तरी एक शेळी धावत आली आणि माझ्या पायाशीच जेवायला बसली.

माझं डोकं पहिल्यापासून गरम. तशीच उलटी फिरले आणि माडी चढून गेले. "सर, हा काय चावटपणा आहे?"

सर खडूनं फळ्यावर काहीतरी लिहीत होते. खडूही उसनाच होता, हे मला नंतर कळलं. वळून अगदी साधेपणानं म्हणाले, "काऊन, बोरं किडकी निंगाली काय?"

"छत्रीत बोरं भरतात का कोणी?"

"मंग कायच्यात भरू? तुमी छत्रीच देल्ली होती. वाटी देल्ली असती त वाटीत भरली असती. उसनं आनलेलं भांडं रिकामं कसं द्याचं, मॅडम? तुमच्या घरी रिकामं देतेत काय?"

खरं तर आमच्याही घरी देत नाहीत. शेजारची वाटी परत करताना त्यात काही नसलं तर आई चिमूटभर साखर तरी टाकते. तिला तिच्या आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं. पण म्हणून छत्रीत बोरं?

सरांच्या घरी काही कमी नव्हतं. बेल्याकडच्या एका गावात त्यांची कापसाची शेती होती, बायको खमकी होती, आणि आदिलाबादच्या त्यांच्या खोलीत लागेल ते सगळं होतं. तरी माणूस दिवसभर मागायचा. चहावाल्याची खुर्ची, क्लार्कचं पेन, मार्केटमधल्या अडत्याची सायकल. आणि प्रत्येक वस्तू परत जायची ती काहीतरी घेऊन. पेन गेलं तर शाई भरून. सायकल गेली तर कॅरियरला मेथीची जुडी बांधून. खुर्ची परत जाताना तिच्यावर एकदा एक भोपळा बसला होता, आणि चहावाल्यानं त्याला "या साहेब, चहा घेणार?" असं विचारलं होतं. विद्यार्थी त्यांना उसनवार सर म्हणायचे. गाव काय काय म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्गात ते वाक्य तेलुगूत सुरू करायचे, मधे निजामाच्या कचेरीतली उर्दू यायची, आणि संताप आला की थेट बेल्याच्या शिवारातली मराठी. संताप यायचा तो एका शब्दाचा. लाभार्थी. पुस्तकात तो शब्द पानापानावर होता आणि मी तो वर्गात सुपारीसारखा चघळत होते. एकदा शेजारच्या खोलीतून ऐकलं आणि दारात येऊन उभे राहिले.

"लाभार्थी म्हने! त्या मानसाले नाव नाई काय? मायबापानं बारसं केलं नसन काय त्याचं?"

"सर, माझा तास चालू आहे."

"चालू द्या न. मी काय बंद करून राह्यलो?" असं म्हणून माझीच खुर्ची उचलून घेऊन गेले. परत आली तेव्हा तिच्यावर दोन पेरू होते.

त्यांची समाजकार्याची सगळी विद्या एका नियमात मावायची. फील्डवर्कसाठी आम्ही मुलांना बेल्याच्या रस्त्यावरच्या एका गावात नेत असू. माझ्या शिक्षणात असं होतं की पहिल्या दिवशी पाहणी करा, प्रश्न लिहा, गरजा ओळखा. सर म्हणायचे, पहिल्या दिवशी अनोळखी घरी जा आणि काहीतरी उसनं मागून आणा. "देनारा वर उभा राह्यते आन् घेनारा खाली. मंग दोस्ती कशी होईन? ज्याच्या दारात तुमी हात पसरला नाई, त्याले शिकवाले काऊन जाता?"

आणि परत देताना काय करायचं ते मुलांनीच शोधायचं. सर फक्त एवढंच बघायचे की वस्तू परत गेली ती रिकामी गेली नाही ना. मंचिर्यालचा एक उंच तेलुगू मुलगा होता, त्यानं कुऱ्हाड मागून आणली आणि परत देताना धार लावून दिली. त्या घरानं खूश होऊन त्याच्या पिशवीत तुरीच्या शेंगा भरल्या. मग पिशवीचं देणं त्याच्या अंगावर आलं. मग त्यानं काहीतरी नेलं. हे कधी संपायचंच नाही. मी म्हटलं, "सर, ही उसनवारी फिटणार कधी?"

"फिटली का ओळख सरली, मॅडम. फिटू नाई द्याची."

मुधोळची एक मुलगी होती, फार लाजाळू. कुणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे तिला घाम फुटायचा. तिनं सगळ्यात लहान वस्तू शोधली. एका म्हातारीकडून सुई मागितली. झालं, मला वाटलं, आता सुईत ही काय भरणार? सगळी मुलं हसायला लागली. दुसऱ्या खेपेला तिनं सुई परत दिली ती लांबलचक दोरा ओवून. म्हातारीला दिसत नव्हतं, दोरा ओवायला रोज कुणाची तरी विनवणी करावी लागायची. सरांनी त्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क दिले, वर मला म्हणाले, "हे पोट्टी आपल्या दोघायले शिकवन."

मीही त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले. पण तोंडानं मान्य करेन तर शपथ.

आणखी एक खोड सांगायची राहिली. माडीवर पाण्याचा माठ होता आणि त्याला पाणी काढायचं लांब दांडीचं ओगराळं. दर एप्रिलच्या शेवटच्या दिवशी सर ते ओगराळं उसनं घेऊन गावी जायचे. पूर्ण उन्हाळा क्लार्क माठ वाकडा करून पाणी प्यायचा आणि सरांच्या नावानं बोटं मोडायचा. जुलैत ओगराळं परत यायचं, त्यात कधी आंब्याचं लोणचं, कधी भाजलेल्या चिंचोके-शेंगदाण्यांची पुडी. मी विचारलं, "ओगराळ्याशिवाय तुमच्या घरी पाणी निघत नाही का?"

तेव्हा ते हसले, पण नेहमीसारखे मोठ्यानं नाही. "पार्टटाइम मानसाले वापस कोन बोलावते, मॅडम? पन ओगराळं त माह्याजवळ हाय न. आनून द्याले यावंच लागन."

इतकी वर्षं ते असे दर एप्रिलला जात होते आणि दर जुलैला येत होते.

पुढच्या श्रावणात विद्यापीठातून खबर आली की कमिटी येणार. मुलं कमी, खर्च फार, तेव्हा आदिलाबादचा वर्ग ठेवायचा की बंद करून विद्यापीठातच न्यायचा, हे कमिटी ठरवणार. मुधोळच्या मुलीचा बाप तिला गोदावरीपलीकडे पाठवणार नव्हता, हे तिनं रडत रडत सांगितलं होतं. आणि माझं काय? आईनं नांदेडचं एक स्थळ काढून तयारच ठेवलं होतं. माझी नोकरी होती म्हणून ती गप्प होती. वर्ग गेला की माझी वरात निघालीच समजा. मला नवरा नको होता असं नाही. पण मला ती माडी हवी होती, तो फळा हवा होता, आणि सकाळी कुणीतरी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायला हवं होतं. आजही सांगते, त्या दोन पडक्या खोल्यांवर माझा जीव होता.

मी कामाला लागले. तक्ते रंगवले, भिंतींना चुना लावून घेतला. मग सरांना म्हटलं, "गावात जाऊन लोकांना सांगून येऊ. कमिटीनं विचारलं तर काय बोलायचं ते."

"गावाले पढवाचं नाई."

"सर, ते विचारणार, गावासाठी काय केलं? काय दाखवणार आपण? संडास बांधला? शिबिर घेतलं? आपण गावाकडून नुसतं घेत आलोय!"

"बरोबर हाय."

"काय बरोबर? वर्ग जाईल आपला!"

"जाईन त जाईन. पन खोटं बोलून राह्यला त तो आपला कसा म्हनाचा?" आणि माझी रंगाची कुंचली घेऊन गेले. मी पाठीमागून ओरडले की ती परत आणू नका, तुम्हालाच लखलाभ असो.

कमिटी आली. एक अध्यक्षसाहेब, आणि मान डोलावायला दोन जण. माडी पाहून झाली, तक्ते पाहून झाले, आणि साहेब म्हणाले, आता गाव दाखवा. श्रावणातली काळी माती, जीप नुसती नाचत होती. गावात पोचलो, साहेब खाली उतरताना त्यांचा वाचायचा चष्मा मांडीवरून घसरला, आणि त्यांनी स्वतःच त्याच्यावर बूट ठेवला. कर्रकन आवाज आला. हातात प्रश्नांचा कागद, आणि वाचायला डोळे नाहीत.

मारुतीच्या पारावर आबाजी बसले होते. गावातले पोथीवाले. श्रावणभर रोज संध्याकाळी देवळात पोथी वाचायचा मान त्यांचा. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. एका बाजूची दांडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. "घ्या साहेब, माहा लावून पाहा."

साहेबांनी जरा नाक मुरडत लावला. आणि काय सांगू, अक्षर लख्ख दिसायला लागलं!

साहेब तेलुगू, आबाजी मराठी, मधे दुभाषी मी. साहेबांनी विचारलं, या विद्यार्थ्यांनी गावासाठी काय केलं? मी तोंड उघडणार, तोच आबाजींनी स्वतःच हिंदीत उत्तर दिलं. कापूस व्यापाऱ्यांना विकून विकून त्यांची हिंदी चांगली पक्की झालेली.

"कुछ नहीं किया साब. आते, मांगके ले जाते."

"क्या ले जाते?"

"सुई, कुल्हाडी, सूप, जो दिखा वो."

"वापस नहीं देते?"

"देते ना! मगर भरके देते. फिर हमको भी कुछ देना पडता. खतमच नहीं होता ये." आणि मनापासून हसले.

मी सरांकडे पाहिलं. सर कौतुकानं आबाजींकडे पाहत होते, पोरानं पाढे बरोबर म्हटल्यावर बाप पाहतो तसे. साहेबांनी आबाजींचाच चष्मा नाकावर नीट बसवला आणि कागदावर लाभार्थ्यांच्या पुढे ठळक शून्य काढलं. मला उलट्या बाजूनंही ते स्वच्छ दिसलं. शून्य उलटं काय आणि सुलटं काय!

जीप चिखल उडवत गेली. मी पारावर डोकं धरून बसले. मग आबाजींनी नाकावर हात नेला, खिसे चाचपले, आणि म्हणाले, "अरे, माहा चष्मा?"

साहेबांनी लिहून झाल्यावर सवयीनं चष्मा खिशात टाकला होता.

सरांनी अशी टाळी मारली की पारावरचं कुत्रं उठून पळालं. "मॅडम! वर्ग वाचला!"

"सर, तुम्हाला वेड लागलंय का? त्यांनी शून्य लिहिलंय! वर त्या म्हाताऱ्याचे डोळे घेऊन गेले!"

"उसने नेले न! आता यावं लागन." माणूस खरंच नाचायचा तेवढा बाकी होता.

पण संध्याकाळी खरी पंचाईत झाली. देवळात समई लागली, बायका-माणसं जमली, आणि पोथी वाचायला डोळे नाहीत. श्रावणातली पोथी एकदा लावली की खंड पडू देत नाहीत. दुसऱ्या, अंगठाबहाद्दर म्हाताऱ्यांचे चष्मे आबाजींना लावून पाहिले, एकही जुळेना. आणि तरुण पोरं? गावभर बोलायला मराठी, पण शाळा तेलुगू, तीही हिंदी सुरू व्हायच्या आत संपणारी. देवनागरी वाचणारं तिथं कोणी नाही.

सर म्हणाले, "मॅडम, तुमाले येते न वाचता?"

मी रागानं नुसती धुमसत होते. त्याच रागात पाटावर बसले आणि वाचायला लागले. एक ओवी, दुसरी ओवी, धाडधाड. मागून एक बाई म्हणाली, "अवो बाई, हळू! देवाच्या मांगं कुत्रं लागलं काय?" सगळं देऊळ हसलं. मीही हसले, काय करणार. मग हळू वाचलं. वाचून झाल्यावर त्याच बाईनं माझ्या पर्समध्ये दोन भाजलेली कणसं कोंबली. पर्सचं देणं माझ्या अंगावर आलं.

मग मुलांच्या पाळ्या लागल्या. मुधोळची मुलगी वाचायला बसली की तिचा लाजाळूपणा कुठल्या कुठे जायचा. आणि मंचिर्यालचा उंच मुलगा! त्याला शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं यायची, अर्थ शून्य. तो ओव्या तेलुगू सिनेमातल्या संवादासारख्या म्हणायचा. देवानं राक्षसाला मारलं की आवाज चढायचा, आणि नेमका चुकीच्या ठिकाणी. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, मग त्याला समजावायच्या, "अरे पोट्ट्या, इथं देव नाई मरत, राक्षस मरते. दम घे अन् मंग म्हन." तो बिचारा समजून घेऊन पुन्हा म्हणायचा. श्रावण सरेपर्यंत त्याला निम्मी मराठी येऊ लागली आणि गावातल्या पोरांनी त्याच्याकडून देवनागरी गिरवायला घेतली. हे कोणी ठरवलं नव्हतं. माझ्या तक्त्यावर तर मुळीच नव्हतं.

मी आबाजींना म्हटलं, "आबाजी, तुमच्यासाठी आदिलाबादहून दुसरा चष्मा आणते."

"नोको बाई. जलमभर वाचलं, आयकलं नाई कदी. आता आयकून राह्यलो."

साहेबांचा निरोप आला की चष्मा माझ्याकडे चुकून आलाय, फोन करा. मी आणि सर एसटीडी बूथवर गेलो. नवीनच निघाले होते ते बूथ तेव्हा, आत काचेत दोन माणसं म्हणजे लोणच्याच्या फोडी. साहेब चांगले बोलले. म्हणाले, माफ करा, पोस्टानं पाठवून देतो. मी हात जोडून सरांना खुणावलं, हो म्हणा, हो म्हणा.

सर तेलुगूत म्हणाले, "पोस्टानं नको, साहेब. ज्यानं उसनं नेलं त्यानंच आणून द्यायचं असतं. आमच्या आबाजींचा चष्मा पोस्टमननं नेला नव्हता."

तिकडून फोनच बंद.

मी बूथच्या दारातच सुरू झाले. कोणाशी बोलताय याची शुद्ध आहे का, आपलं सगळं त्या माणसाच्या हातात आहे, तुमच्या एका खुळापायी त्या पोरीचं शिक्षण जाईल, माझं जाईल! लोक जमा झाले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा रुमाल द्याल काय? घाम आला." मी दिला नाही. त्यानंतर आमचा अबोला. शिक्षकांच्या खोलीत दोनच खुर्च्या, त्या मी पाठीला पाठ करून ठेवल्या.

पोथीच्या समाप्तीच्या दिवशी गावजेवण होतं. देवळात गर्दी, शेवटचा अध्याय वाचायचा मान गावानं मंचिर्यालच्या मुलाला दिलेला. तो रंगात आला होता. आणि दारात जीप थांबली. साहेब एकटेच. मान डोलावणारे दोघे नव्हते.

बूट काढून ते मागच्या ओळीत उभे राहिले. एका म्हातारीनं त्यांचा हात ओढला, "बसा न खाली, काऊन लाकडावानी उभे राह्यले?" साहेब बसले. एक तेलुगू पोरगा मराठी पोथी वाचतोय, तो चुकला की सारं गाव त्याला सांभाळून घेतंय, आणि आबाजी डोळे मिटून मान डोलावतायत. साहेब बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. देवाकडे लक्ष होतं कोणाचं?

आरती झाल्यावर साहेबांनी चष्मा दिला. नवी डबी, आणि दोऱ्याच्या जागी नवी कोरी दांडी. आबाजींनी लावून पाहिला. "ही दांडी माही नाई."

"मेरी तरफ से," साहेब म्हणाले.

"म्हंजे समजते साहेबाले," आबाजी सरांना म्हणाले. मग त्यांनी चष्मा नाकावर ठेवला, रिकाम्या डबीत साखर-खोबऱ्याचा प्रसाद भरला आणि डबी साहेबांच्या हातात दिली. "चष्मा माहा, डबी तुमची. रिकामी कशी देऊ?"

साहेब पंगतीत जेवले. वरण त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं, आणि जे बोलायला आले होते ते अजून राहिलंच होतं. शेवटी हात धुताना ते सरांना तेलुगूत म्हणाले, "त्या कागदात मला दुरुस्ती करायची आहे. लाभार्थी किती लिहू?"

त्या शब्दाचा सरांना संताप यायचा. पण तेही शांतपणे तेलुगूतच म्हणाले, "एक लिहा, साहेब. चष्मा तुम्हालाच मिळाला."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मुधोळच्या मुलीनं धावत तांब्या आणला, आणि मी मात्र पाठ फिरवून डोळे पुसले. मग सरांकडे गेले आणि रुमाल पुढे केला. "घ्या. घाम आला असेल."

वर्ग राहिला. नुसता राहिला नाही, पक्का झाला. मुधोळची मुलगी त्याच माडीवर शिकून पास झाली. नांदेडचं स्थळ दुसरीकडे जुळलं आणि सुखात आहे, असं ऐकते.

पण पक्क्या वर्गाला पक्के नियम लागतात. शिकवणाऱ्याची पदवी अमुक श्रेणीची पाहिजे. माझी होती. सरांची नव्हती. साहेबांनी पुष्कळ धडपड केली म्हणतात, पण नियमाला दांडी बसवता येत नाही.

त्या एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मी निघताना माठाकडे पाहिलं. ओगराळं खुंटीवरच होतं. मला वाटलं, विसरले. खाली चहावाल्यापाशी सर उभे होते, काखेत स्वतःची छत्री.

"मॅडम, तुमची छत्री द्याल काय?"

मी हसत हसत दिली.

जुलैत माझी ऑर्डर आली. मी माडीवर गेले. क्लार्क आनंदानं ओगराळ्यानं पाणी पीत होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी मुलांसमोर, उभ्याउभ्या, ढसढसा रडले. कॉलेज परत बोलावणार नाही, हे त्या माणसाला एप्रिलमध्येच ठाऊक होतं. म्हणून त्यानं कॉलेजची वस्तू नेली नाही. माझी नेली.

पुढच्याच रविवारी मी बेल्याची बस धरली. सरांच्या बायकोनं दार उघडलं. "या बाई, छत्रीसाठी आल्या काय? घरात छत्र्यायचा ढीग पडला हाय, पन ह्या मानसाले दुसऱ्याचीच लागते."

सर ओसरीत सरकी निवडत बसले होते. मला बघून असा चेहरा केला की जणू मी थोडी लवकरच आले. "मॅडम, रिकामी कशी देऊ? बोरं पिकाची हायेत अजून. पौषात या."

पौषात गेले, तर म्हणाले यंदा बोरं किडली. पुढच्या पौषात माकडांनी खाल्ली. एकदा बोरं होती, पण छत्री म्हणे शेजारच्यानं उसनी नेली होती. मी जाते, भांडते, जेवते, येताना पिशवीत काहीतरी असतं, त्या पिशवीचं देणं घेऊन परत जाते. मधे राज्य बदललं, जिल्ह्याचे तुकडे झाले, मुधोळ वेगळ्या जिल्ह्यात गेलं, मी रिटायर झाले. आई असेपर्यंत म्हणायची, "अगं, नवी छत्री घे की! उन्हात काळी पडलीस." मी घेतली नाही.

गेल्या उन्हाळ्यात गेले होते. सर आता फार थकलेत, काठीनं दारापर्यंत आले. मी निघाले तर म्हणाले, "मॅडम, छत्री नेता काय आज? लय दिवस झाले." आणि खरंच आतून त्यांची बायको छत्री घेऊन आली. तीच, माझी. बंद लावलेला, पोट फुगलेलं, आत काहीतरी भरलेलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. मी डोक्यावर पदर घेतला.

"राहू द्या सर," मी म्हटलं, "पुढच्या खेपेला नेईन."